आईच्या डोळ्यांचा चष्मा

समुपदेशक वर्तकबाईंनी चष्मा पुढे केला. आईच्या डोळ्यांनी टिपलेलं कालचं जेवण त्यात साठवलेलं होतं. शाल्मलीनं तो घाईघाईनं चढवला. आपण आईला केवढ्या जाड दिसतो, एवढंच तिला बघायचं होतं.

समोर ती स्वतःच जेवायला बसलेली दिसली. पण आईची नजर तिच्या चेहऱ्यावरून ताटाकडे जायची, तशीच पडलेली भाकरी बघून पुन्हा चेहऱ्यावर यायची.

"माझं पोट दिसतच नाहीये," ती वैतागली.

"आईनं बघितलंच नाही, तर दिसेल कसं?"

शेवटी नजर खाली, आईच्या स्वतःच्या ताटाकडे वळली. तिथलीही भाकरी मोडलेली नव्हती.

शाल्मलीनं चष्मा काढला. आई बाहेर बाकावर बसली होती. आई रोज विचारायची, ते आज शाल्मलीनं विचारलं, "जेवलीस का गं?"