क्रीमचा डबा

भीमाबाईंनी आपल्या दुकानातल्या फ्रीजचा खालचा कप्पा उघडला, थंड पेयांच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि निळा डबा मेघाच्या हातात ठेवला. डबा रिकामाच होता. बाहेर मेघाचा नवरा रोशन टेम्पोवर सामान चढवून दोर आवळत होता. नागपूरच्या वाडी भागातली, या दुकानावरची त्यांची खोली आज सुटली होती. रोशनला बुटीबोरीच्या गोदामात नवी नोकरी लागली होती.

डबा हातात आला आणि मेघाचा पाय काही दुकानातून निघेना. भीमाबाईंनीही स्टूल पुढे सरकवलं, म्हणाल्या, दोर बांधून होईस्तोवर तरी बस.

तीन वर्षांपूर्वी ती हाच डबा घेऊन पहिल्यांदा खाली उतरली होती. लग्नाला आठ वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग सांगितला. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं, त्यानं बायकोची अंडी वाढतात. ती बाहेर काढायची, नवऱ्याच्या शुक्राणूंशी त्यांचा मेळ प्रयोगशाळेत घालायचा आणि तयार झालेला गर्भ परत पोटात ठेवायचा. ऐकायला किती सोपं! नर्सनं फक्त एक गोष्ट दहादा बजावली, इंजेक्शनं थंडच राहिली पाहिजेत.

खोलीत फ्रीज नव्हता. आणि वस्तीत कोणाला कळू द्यायचं नव्हतं. एकीला कळलं की गल्लीभर झालंच म्हणून समजा. भीमाबाईंनी डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा मेघाच्या तोंडून निघून गेलं, चेहऱ्याची क्रीम आहे मावशी, गरमीत वितळते.

झालं! त्या दिवसापासून ती संध्याकाळी डबा न्यायला आली की भीमाबाई तिचा चेहरा उजेडाकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, कंपनीनं फसवलं तुले, अजून काही उजळली नाहीस. मेघा हसायची. तेवढंच हसणं व्हायचं तिचं दिवसभरात. आलूबोंड्यांचा पहिला घाणा निघाला की भीमाबाई त्यातले दोन आधी तिच्यासाठी बाजूला काढायच्या.

मेघा बालवाडीत शिकवायची. तिला सुट्टी मिळायची ती मे महिन्यात, म्हणून इलाजही दोन्ही वेळा मे महिन्यातच झाला. पहिल्या उन्हाळ्यात दोनच अंडी मिळाली, गर्भ काही तयार झाला नाही. त्या दिवशी ती याच स्टुलावर बसून रडली आणि आईची आठवण आली असं खोटंच सांगितलं. भीमाबाईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, तिच्या डोक्याला तेल लावून दिलं आणि एक शब्द विचारला नाही. पुढच्या उन्हाळ्यात एकच अंडं मिळालं. गर्भ झाला, पोटातही ठेवला, पण धरला नाही.

डॉक्टरही चक्रावले. वय कमी, रिपोर्ट चांगले, एवढा डोस, मग अंडी वाढत काहून नाहीत? शेवटी म्हणाले, तुमचं शरीर औषधाला साथ देत नाही, दुसऱ्या बाईची अंडी घेऊन पाहू. रोशनला त्याचं काही वाटलं नाही. तुझ्या पोटात वाढेल ते आपलंच, असं तो म्हणाला आणि मेघालाही ते पटलं. पण तिची आई ती दहावीत असताना गेली होती. आईच्या हनुवटीवरची खळी कोणाच्या तरी चेहऱ्यावर पुन्हा एकदा पाहावी, एवढं एकच तिच्या मनात होतं. ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. उद्या धंतोलीला जाऊन कागदावर सही करायची होती. कागद रोशनच्या खिशात होता.

भीमाबाई फडक्यानं फ्रीज पुसत जुन्या गोष्टी काढत बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "यंदा वायरिंग बदलली म्हणून बरं झालं पोरी. नाहीतर उन्हाळ्यात रात्री कूलर लावला का फ्रीज बंद करा लागे. दोन्ही संगं चालवले का फ्यूज उडे. सकाळी उठली का पुन्हा चालू करत होती मी."

"रोज रात्री?" मेघानं विचारलं.

"रोज. कूलरबिगर झोप लागते का नागपुरात?"

मेघा उठली आणि बाहेर जाऊन तिनं नर्सला फोन लावला. मे महिन्यात रोज रात्रभर बंद फ्रीजमधल्या गरमीत राहिली तर इंजेक्शनं चालतात का, असं विचारलं. नर्स म्हणाली, कसली चालतात, ती टोचली काय न टोचली काय, सारखंच.

मेघाला राग आला. कोणाचा, ते कळेना. खोटं तर तीच बोलली होती. खरं सांगितलं असतं तर ही बाई घामाघूम होऊन झोपली असती, पण फ्रीज बंद केला नसता.

"काहून वं?" भीमाबाईंनी दारातून विचारलं. "तुही क्रीम खराब झाली होती का?"

"नाही मावशी. चांगली होती." मेघा वाकून त्यांच्या पाया पडली. भीमाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कागदात बांधलेले बोंडे तिच्या हातात कोंबले.

टेम्पो निघाला. अमरावती रोडला लागल्यावर मेघा रोशनला म्हणाली, "उद्याची सही राहू द्या. आंधी घरात फ्रीज घेऊ."

"आता मधातच फ्रीज काहून?"

तिनं निळा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मावशीले कधी सांगू नका. दोन्ही उन्हाळे इंजेक्शनच तापून गेले. माह्यात काही कमी नव्हतं."