हलता पंखा

"खाला, ह्यो ड्रोन हवेत एका जागी ठरंना झालाय," सृष्टी म्हणाली आणि तिने ते चार पंख्यांचं यंत्र खातूनबीच्या टेबलावर ठेवलं.

खातूनबीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. बिलोलीच्या बसस्टँडमागच्या त्या पत्र्याच्या दुकानात तिची निम्मी हयात पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली होती. असलं उडतं लेकरू मात्र तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

सृष्टी एरवी लग्नांचं शूटिंग करायची. गेल्या आठवड्यात तिने आपल्या गावच्या नदीतला वाळूचा चोरटा उपसा वरून टिपला आणि पोलीस ठाण्यातल्या साहेबांना नेऊन दाखवला. साहेबांनी पाहिला आणि मोबाइल परत केला. सगळंच हलतंय, गाडीचा नंबरही वाचता येत नाही, मग गुन्हा कुणावर नोंदवू, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. उद्या धरणाचं पाणी सुटलं की नदीतले खड्डे बुडणार होते आणि त्यांच्याबरोबर पुरावाही. हातात होता तो आजचा दिवस.

बॅटरी बदलून झाली होती, होकायंत्र जुळवून झालं होतं, ॲप काढून तीनदा पुन्हा टाकून झालं होतं. खातूनबीला यातलं काही कळत नव्हतं आणि तिने कळल्याचं सोंगही घेतलं नाही. तिने चारही पाती काढायला लावली, यंत्र फळीवर करकचून बांधलं, फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि मोटारी चालू करायला सांगितल्या. पाणी हललं नाही. म्हणजे मोटारी बऱ्या होत्या. मग ती एकेक पातं चढवून बघू लागली. तिसरं चढवलं आणि पेल्यात तरंग उठले.

हे कुठून आणलं, तिने विचारलं. मूळचं पातं एका लग्नाच्या मांडवावर आपटून तुटलं होतं, म्हणून नांदेडहून एक सुटं आणून बसवलं, सृष्टीने सांगितलं. खातूनबी गालात हसली. पंख्याची पाती तोलून जोडीने येतात, एकाचं पातं दुसऱ्याला लावलं की पंखा डुलणारच, हे तिच्या नवऱ्याने, पाशामियाँनी, तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. हलता पंखा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हेही त्यांचंच. पाशामियाँ गेले, नियम राहिला.

तिने पात्याच्या मधल्या भोकातून सुई ओवली आणि दोन पेल्यांच्या काठांवर आडवी ठेवली. पात्याचं एक टोक खाली गेलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे टिप्पर थांबला. ओल्या वाळूने भरलेला, अजून पाणी गळत होतं. ड्रायव्हरशेजारून भुजंगशेठ उतरला. नदीतला उपसा त्याचा आणि या दुकानाची जागाही त्याचीच. आपली जळालेली मोटार तयार झाली का, ते बघायला तो आला होता. व्हिडिओची बातमी त्याच्या कानावर आलेली होतीच; टेबलावरचं यंत्र आणि शेजारी उभी असलेली पोरगी बघून त्याला सगळं कळलं. स्टूल ओढून तो निवांत बसला.

"भाभी, वाळू निघती म्हणून हिरीचं पाणी खाली जातंय," तो समजुतीने म्हणाला. "पाणी न्हाई म्हणून मोटारी जळून राहिल्या. अन् मोटारी जळतात म्हणून तुमची चूल पेटती. आपल्याच चुलीत पाणी कोण वततं?"

खातूनबीचा हात थांबला. खोटं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. या उन्हाळ्यात सृष्टीच्या एकट्या गावातून अकरा मोटारी आल्या होत्या. त्या घेऊन येणारी माणसं टेबलापाशी उभी राहून काय काय सांगायची, ते तिला पाठ होतं. ती मान खाली घालून तार गुंडाळत बसायची. तिला स्वतःचीच लाज वाटली.

शेठने मग हळूच विचारलं, जागा खाली करायला चार दिवस पुरतील का आठ द्यावेत.

या पत्र्यांबाहेर तिला दुसरा आसरा नव्हता. तिने चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि पात्याच्या हलक्या टोकाला लावला. पातं सुईवर जरा डोललं आणि आडवं, सरळ थांबलं.

"जागा तुमची हाय, शेठ," ती म्हणाली. "हात माझे हायत. हलता पंखा मी देत न्हाई."

तिने स्वतः चारही पाती चढवली, यंत्र फळीवरून सोडवलं आणि सृष्टीच्या हाती दिलं. सृष्टीने ते दुकानाच्या दारात उडवलं. धूळ उडाली, चहाचे कागदी कप रस्त्यावर गडगडत गेले. यंत्र पुरुषभर उंचीवर गेलं आणि थांबलं ते थांबलंच.

शेठ हसत हसत बाहेर आला. बंद कर म्हणाला. सृष्टीचं लक्ष हातातल्या पडद्यावर होतं. पडद्यात शेठच्या मिशीचा केस न् केस दिसत होता आणि त्याच्या खांद्यावरून मागचा टिप्पर, गळणारी वाळू, नंबराची पाटी. ती पाटी मोठ्याने वाचू लागली. एकेक अक्षर, एकेक आकडा. चहावाल्याने मान वर केली. शेठचं हसू गेलं. तो एक पाऊल डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग मागे जात जात थेट पाटीसमोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले. पाटी तरीही दोन्ही बाजूंनी दिसतच होती.

खातूनबी दारात आली. तिने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"यंत्र ठरलंय, शेठ," ती म्हणाली. "आता तुमीच हलून राहिलाव."