खलनायकाचा श्वास

खलनायक पडद्यावर आला आणि इतका वेळ गर्जणारा ऑर्केस्ट्रा एकदम गप्प झाला. उरला फक्त एक घरघरता श्वास.

“काटा आला ना अंगावर?” शेजारी बसलेल्या भावाने तिच्या कानात विचारलं. सुपरहिरोच्या या सिनेमाचं संगीत त्याचंच होतं.

काटा आलाच होता. हा श्वास बाबांचा होता. वर्षभर त्यांच्या उशाशी बसून तिने तो ऐकला होता. भाऊ फिरकला तो थेट शेवटच्या दिवशी. उशीजवळ मोबाइल ठेवत म्हणाला होता, “ताई, तू घरी जाऊन अंघोळ करून ये. मी बसतो.” तेवढ्यानेही तिला भरून आलं होतं. ती परतेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

“शेवटी काही बोलले का रे?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“नाही गं. झोपेतच गेले.”

आता तो श्वास अडखळला आणि चेलोच्या खर्जाखालून एक खोल गेलेला शब्द आला. मग ड्रम सुरू झाले, शिट्ट्या पडल्या आणि दर ठोक्याला तोच शब्द घुमू लागला.

“ठमे... ठमे...”

तिला ठमी म्हणणारा माणूस जगात एकच होता.