बायको दाराकडे धावते

पैसेवाला नवरा गटवलेल्या पोरीची भूमिका होती आणि मला ती काहीही करून हवी होती. ऑडिशनचा प्रसंग एवढाच: नवऱ्याची गाडी खाली थांबते, घाबरलेली बायको दाराकडे धावते. मी धावले, धाय मोकलून रडले, जीव ओतला.

समोर सोफ्यावर निर्माते आणि शेजारी त्यांची बायको. कधीकाळी गर्दीच्या सीनमध्ये मागे उभी राहायची म्हणे. नशीब काढलं बाईनं, असं माझ्या मनात येतंय तोच त्या म्हणाल्या, "ती धावणार नाही गं. आधी फोन उताणा ठेवेल, काही लपवलंय असं वाटायला नको. मग हसेल. मग दार उघडेल."

"वा, वहिनी!" दिग्दर्शकानं लगेच लिहून घेतलं. "सुचतं कुठून हो हे तुम्हाला?"

सगळे हसले. निर्माते तेवढे हसले नाहीत. त्यांनी फक्त मान वळवून बायकोकडे पाहिलं.

वहिनींनी मांडीवरचा पालथा फोन हळूच उताणा केला. मग हसल्या.