ऑर्विलच्या नॉर्टनमधला वास

“मी गेल्यावर याच्या नाकावर विसंबू नकोस गं,” नवऱ्याकडे, ऑर्विलकडे, बोट दाखवत लिओटा हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाली होती. “सात वर्षं झाली, याला कशाचाच वास येत नाही. वास मी घेते, नाव याचं होतं.”

डेलियाला ती बायकोची फुशारकी वाटली. ती हसली. तेवढ्यात पोटातल्या बाळाने लाथ मारली आणि विषय तिथेच राहिला.

आता लिओटाला जाऊन अकरा महिने झाले होते. मिझुरी नदीच्या काठावरच्या त्या गावात, चर्चच्या हॉलमध्ये, हिवाळ्यातली वाइनची चाखणी भरली होती. तीन परीक्षकांत डेलिया एक. तिची नऊ महिन्यांची मुलगी जून तिच्या छातीशी झोळीत बांधलेली. ज्याचा सन्मान असेल त्याने प्रत्येक परीक्षकाला स्वतःच्या हाताने ओतून द्यायचं आणि ते चाखेपर्यंत शेजारी उभं राहायचं, अशी तिथली रीत. त्या वर्षी सन्मान ऑर्विल डियर्किंगचा होता. वय एक्क्याऐंशी. अंगात तोच जाड लोकरी कोट, जो एरवी त्याच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकलेला असायचा.

त्याने नॉर्टन ओतली, तिथल्याच नॉर्टन द्राक्षांची लाल वाइन. शाईसारखी गडद. डेलियाने ग्लास नाकाशी नेला.

सडकं अंडं.

तिने शेजारच्या परीक्षकाकडे, वेंडेलकडे, पाहिलं. त्याच्याही नाकपुड्या आखडल्या होत्या. वाइनवाल्यांना हा वास चांगला माहीत असतो. द्राक्षरस आंबताना बिघडला की तो येतो, आणि तांब्याचं नाणं टाकून ढवळलं की जातो. जूनचा रुमाल सावरण्याच्या निमित्ताने डेलियाने खिशातलं तांब्याचं जुनं पेनी नाणं ग्लासात सोडलं. फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. वास तसाच.

“खरं सांग हं, पोरी,” ऑर्विल तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. “लिओटाशिवाय केलेली ही पहिलीच. जीव मुठीत धरून आणलीय.”

वेंडेल ओठ न हलवता पुटपुटला, “गप्प बस. म्हाताऱ्याचा दिवस आहे आज.”

“छान झालीय, ऑर्विल,” डेलिया म्हणाली. “लिओटाला आवडली असती.”

त्याचे डोळे भरून आले. जूनचा पापा घ्यायला तो वाकला. एरवी त्याच्या मिशा ओढणारी जून तोंड फिरवून किंचाळली. “दात येताहेत हो तिला,” डेलिया ओशाळून म्हणाली.

त्याचं नाव कोरलेलं वाइनच्या पिंपाचं झाकण भिंतीवर चढलं. सगळा हॉल उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, “ऑर्विल, भाषण लांबवू नकोस, सॉसेज गार होताहेत!”

“भाषण कसलं डोंबलाचं,” ऑर्विल म्हणाला. “घरी ऐकायला कुणी नाही, सवयच मोडलीय.”

लोक पोट धरून हसले. निघताना त्याने डेलियाला घट्ट मिठी मारली. हल्ली डोकं जड असतं, म्हणाला, घरी जाऊन सूप गरम करतो आणि लवकर पडतो. दिवेलागणीच्या आत त्याचा ट्रक टेकडीकडे वळला.

“नासकी वाइन आणि उभं राहून टाळ्या,” वेंडेल म्हणाला. “आपणही थोरच आहोत.”

डेलियाने त्याचा ग्लास ओतून टाकायला उचलला आणि सवयीने हुंगला. चेरी. मिरी. ओली माती. तिने पुन्हा हुंगला. तिच्या ग्लासात नाणं होतं, पण वेंडेलच्या ग्लासात नव्हतं. तिने नवी बाटली उघडली. स्वच्छ. ऑर्विलने आजवर केलेल्यांतली ती सगळ्यात चांगली नॉर्टन होती.

पण सडका वास अजून कुठून तरी येत होता. जूनच्या टोपीतून. तिच्या स्वतःच्या खांद्यावरून. जिथे जिथे तो कोट टेकला होता तिथून.

बाटली तिच्या हातातून सुटली. गॅस. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास हाच. त्याचं घर गॅसने भरत होतं, कोण जाणे किती दिवस, आणि त्याला कळायला काही मार्ग नव्हता. म्हणजे एक होता. तिने त्याच्या तोंडावर “अंड्याचा वास येतोय” एवढं म्हणायला हवं होतं.

गावातल्या आगीला धावून जाणारी माणसं त्याच हॉलमध्ये होती. त्यांचा प्रमुख गस अकॉर्डियन वाजवत होता. डेलियाने त्याचा दंड धरून गदागदा हलवला. दोन वाक्यांत त्याचा चेहरा उतरला. तिने फोन काढलेला पाहून तो ओरडला, “फोन नको लावूस! घ्यायला उठेल आणि दिवा लावेल!”

ऑर्विलचं घर पंधरा मिनिटांवर. तो निघून वीस मिनिटं झाली होती.

सहा जण कोटही न घेता बाहेर धावले. बाकीच्यांना वाटलं, सिगरेट ओढायला गेले. जूनला दोन्ही हातांनी झाकून डेलिया खिडकीशी उभी राहिली. टेकडीवर अजून कुणीच दिवा लावला नव्हता.

मग टेकडीकडे लख्ख उजेड झाला आणि जमीन हलली. टेबलांवरचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणले. कोपऱ्यातलं कुणीतरी, सवयीनेच, “चिअर्स” म्हणालं.

यंदाच्या चाखणीचं पत्रक डेलियाने लिहिलं आहे. पहिल्या पानावर वाइनची वर्णनं असतात. तिने तिथे एवढंच छापलं:

‘तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहतं का? त्याच्या जवळ गेल्यावर नाक मुरडावंसं वाटलं, तर गोड बोलून मागे फिरू नका. त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत जा. आधी तुम्ही आत शिरा. चाखणी थांबेल. आत्ताच जाऊन या.’