त्र्याण्णवची रेघ

“या घराची रेघ चुकलीय हो!” छत्रीचं टोक भिंतीला टेकवत एक पाहुणा म्हणाला.

वाटाड्या एगोन जागीच थांबला. सव्वीस वर्षं तो पाहुण्यांना गाव दाखवत होता. रोमनांचा घाट, जकातीचा बुरूज, आणि घराघराच्या दारालगत दगडात कोरलेल्या मोझेल नदीच्या पुराच्या रेघा, शेजारी साल. कोळ्यांच्या गल्लीत मात्र तो कुणाला आणत नसे. आज चर्चपुढे पायाड बांधल्यामुळे वाट अडली, म्हणून इकडून यावं लागलं. आणि त्याच्याच घरापुढे हा गृहस्थ अडला. पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनिअर! असली माणसं सुट्टीतसुद्धा मोजमापं घेतात.

“हे बघा, १९९३. डावीकडच्या घराला कमरेएवढी, उजवीकडच्या घराला कमरेएवढी. आणि इथं थेट माझ्या डोक्यावर! पाणी काय या एकाच घरात उड्या मारत होतं?”

सगळे हसले. एगोनही हसला.

ती रेघ त्यानंच कोरली होती. त्या डिसेंबरात त्याची बायको मेख्टिल्ड बहिणीच्या बाळंतपणासाठी नदीपलीकडे गेली आणि तिथंच अडकली. त्यांची चार वर्षांची लेक लिओबा माडीवर झोपली होती. पाणी नुकतंच गल्लीत शिरत होतं. शेजाऱ्याची वाइनची पिंपं टेकाडावर पोचवायला एगोन ‘आलोच’ म्हणून गेला. पिंपं पोचली, मग एक पेला झाला, मग दुसरा. परतला तेव्हा घरात कमरेएवढं पाणी होतं. लिओबा जिन्याच्या तळाशी सापडली. तिच्या मुठीत त्याची विसरलेली टोपी होती.

आठ दिवसांनी मेख्टिल्ड आली, तेव्हा पूर ओसरला होता. “पुरुषभर पाणी होतं गं. मला काही करता आलं नाही,” तो म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी छिन्नी घेऊन बसला. शेजारी सगळं जाणून होते. कुणी चकार शब्द काढला नाही.

“मालकाला सांगा, दुरुस्त करून घ्या म्हणावं,” इंजिनिअर म्हणाला. “लोकांना खोटा इतिहास दाखवू नये.”

वरची खिडकी उघडली. मेख्टिल्ड बाहेर वाकली. शतावरीचे कोंब सोलता सोलता ती उठून आली होती, सुरी हातातच होती.

“रेघ बरोबर आहे, साहेब. आमच्याकडे पाणी तेवढंच होतं.”

“अहो बाई, पाणी सगळीकडे सारखंच चढतं!”

“तुमच्या खात्यात चढत असेल.”

पुन्हा हशा पिकला. इंजिनिअरनं हार मानून छत्री काखोटीला मारली, आणि मंडळी घाटाकडे निघाली.

एगोन मागेच राहिला. “मेख्टिल्ड,” त्यानं मान वर न करताच विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“आले त्याच दिवशी. भिंतीवरची ओल माझ्या कमरेशी होती.”

त्याला रडू फुटलं. डोळे पुसत त्यानं रेघेकडे पाहिलं. दर वसंतात तिच्यावर ताजा लाल रंग चढायचा. नगरपालिकेचं काम असेल, असं तो इतकी वर्षं समजत होता.

“मीच रंगवते ती,” मेख्टिल्ड वरून म्हणाली. “तुला रोज याच दारातून आत यायचं असतं ना.”