कासवाची मान

मेलेलं कासव वर्तमानपत्रात गुंडाळताना गणिताच्या सरांनी डोळे मिटून घेतले. त्याला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. ते काम वर्गाच्या कासवमंत्र्याचं. पण सोमवारी शाळेत तेच पहिले आले. काचेच्या पेटीवर टकटक केली, पट्टीने ढोसलं, कासव ढिम्म. दगडासारखं गार पडलं होतं.

मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, त्यांनी खड्डा खणून ते पुरलं. क्षणभर मान खाली घालून उभे राहिले. मग घड्याळ बघितलं आणि कुंड्यांच्या दुकानाकडे पळत सुटले.

पूर्वी अपूर्णांक म्हटलं की सातवी ब सामुदायिक डुलकी काढायची. सरांनी कोडी घातली, सूत्रांना चाली लावल्या, एकदा तर नाचून दाखवलं. मुलं जागी झाली, पण घाबरून. शेवटी त्यांनी कासव आणलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हे गणिताचं कासव. उत्तर बरोबर आलं तरच मान बाहेर काढतं."

कासव दिवसभरात कधी ना कधी मान काढतंच. त्या वेळी फळ्यावर बरोबर उत्तर असेल एवढंच सर बघायचे. महिन्याभरात फळ्याकडे जायला मुलांची ढकलाढकली होऊ लागली.

"मान आत घेतलेलं कासव आहे का?" सरांनी धापा टाकत विचारलं. "प्लास्टरचं?"

"आहे ना," दुकानदार म्हणाला. "दोन वर्षं धूळ खात पडली होती बिचारी. परवापासून मात्र कासवांना बरे दिवस आलेत."

सर घाईत होते. त्यांनी पिशवी धरली आणि निघाले.

पहिल्या तासाला फळ्यावर बरोबर उत्तर आलं. पेटीत सामसूम.

"रुसलंय," सर म्हणाले. "उत्तर कसं आलं, तेही नीट सांगता यायला हवं. मग बघा."

वर्गाने एकदम माना खाली घातल्या. एरवी आगाऊपणा करणारा मागच्या बाकावरचा ढोल्याही वहीत तोंड खुपसून बसला.

त्या दिवसापासून सातवी ब झपाटल्यासारखी अभ्यास करू लागली. मधल्या सुट्टीत गणितं, खेळाच्या तासाला गणितं. कासवमंत्री होती पेन्सिल, शिडशिडीत अंगाची, सतत नाक ओढणारी. ती रोज नेमाने काकडीची फोड पेटीत ठेवायची. वर्ग रिकामा झाला की सर ती दाराआड उभे राहून खायचे. बिनमिठाची. तेवढीच शिक्षा, असं ते स्वतःला समजवायचे.

"काय जादू केलीत हो सर?" मुख्याध्यापिका बाईंनी एकदा मध्येच दार उघडून विचारलं. "बाकीच्या वर्गांनाही कासवं घ्यावीत म्हणते मी."

सरांच्या घशात काकडी अडकली. त्यांनी नुसतीच मान हलवली.

एका संध्याकाळी पेन्सिल पेटीपाशी मुसमुसताना दिसली.

"काय गं, काय झालं?"

"माझ्यामुळे झालं हे सगळं, सर."

"तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही."

"तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली आणि दप्तर उचलून पळाली.

सरांना घरी घास उतरेना. आपल्या खोटेपणापायी पोरगी स्वतःला दोष देत बसली होती. वर्गाचा विश्वास उडाला तर उडू दे, मुलं पुन्हा झोपली तर झोपू देत, पण हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधले.

"कासव रुसलेलं नाही. हे प्लास्टरचं आहे. आपलं कासव त्या सोमवारीच गेलं. मी त्याला टाकीमागे पुरलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. कोणाचंही उत्तर कमी पडलं नव्हतं. चूक माझी."

सगळा वर्ग पेन्सिलकडे वळला. ती हळूच उभी राहिली.

"सर, तुम्ही पुरलंत ना, तेही प्लास्टरचंच होतं."

सर खुर्चीवर बसले.

"खरं मी शनिवारी घरी नेलं होतं. उजळणीला. पेटी रिकामी दिसू नये म्हणून दुसरं आणून ठेवलं. आता ते आमच्याकडे पलंगाखाली असतं. मजेत आहे."

"वर्गात सगळ्यांना माहीत होतं," ढोल्या म्हणाला. "काकडी कोण खातं, तेवढं कळत नव्हतं."

"अगं, मग सोमवारी परत का नाही आणलंस?"

पेन्सिलने वर्गाकडे पाहिलं. मदतीला कोणी आलं नाही.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला? मला कशाला वाईट वाटेल?"

तिने नाक ओढलं.

"सर, ते उत्तर चुकलं तरी मान बाहेर काढतं."